चोवीस तारखेपर्यंत निजलेला पाव

आमच्या गावच्या वाचनालयाचा वार्षिक अंक निघतो. "सर, दुबईला जाऊन आलात ना? चार-पाच पानं लिहा. उंच इमारती, वाळवंट, सोन्याचा बाजार. लोक आवडीने वाचतात," असं ग्रंथपालबाईंनी मी परतल्याबरोबर सांगितलं होतं. मी हो म्हणालो. त्याला आता वर्ष होत आलं. दर वेळी लिहायला बसलो की इमारतींपर्यंत पोचायच्या आधीच मी एका फ्लॅटच्या स्टोअररूमपाशी अडकायचो आणि कागद बाजूला सारायचो. शेवटी ठरवलं, जिथे अडकतो तिथलंच लिहू. इमारतींवर पुष्कळांनी लिहिलं आहे.

थोडं घरचं सांगायला हवं. मी चिपळूणजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. माझी बायको स्मिता चार वर्षांपूर्वी दुबईतल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायला गेली, आणि आमची मुलगी सानिका तिच्याबरोबर. मी इथे आईजवळ राहिलो. आई थकलेली, माझ्या नोकरीची थोडीच वर्षं उरलेली. कारणं खरी होती. फक्त घरातल्या सगळ्यांत जिला कोणी काही विचारलं नाही ती सानिका, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गेली तेव्हा बारा वर्षांची होती. मागच्या डिसेंबरात मी रजा काढून गेलो तेव्हा पंधरा पूर्ण झालेली, माझ्या खांद्याच्या वर आलेली, आणि मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी.

डिस्कव्हरी गार्डन्स

स्मिता राहते त्या वसाहतीच्या नावात बागा आहेत आणि बागा खरंच आहेत. बुटक्या, एकसारख्या इमारती, मधे खजुराची झाडं, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची काळी नळी. आमच्याकडे झाड तोडायला माणूस लागतो, तिथे झाड जगवायला. विमानतळावरून आम्ही मेट्रोने आलो. गाडीत बसल्यावर मी पिशवीतून आईने दिलेला चिवडा काढला, तर सानिकाने माझा हात धरला.

"पपा, नो! आत खायचं नाही. फाइन आहे."

"किती?"

तिने सांगितलं. मी मोठ्याने रुपये केले. समोरच्या बाकावरचा कोणीतरी मराठी माणूस हसला आणि सानिका खिडकीबाहेर बघायला लागली. माझा पहिला अर्धा तास असा गेला.

फ्लॅटचं दार उघडलं तेव्हा मात्र मी थबकलो. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि भाजलेलं लोणी, असा वास घरभर मुरला होता. आमच्या घरी असा वास कधी आला नव्हता. ओट्यावर डिजिटल काटा, मापाचे चमचे, लाकडी लाटणं. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर जर्मन शब्द आणि त्यासमोर तापमानं.

"हा सगळा तुमच्या लेकीचा संसार," स्मिता म्हणाली. "मला ओट्यावर फक्त भाकरीपुरती जागा मिळते."

शाळेत तिसरी भाषा म्हणून सानिकाने जर्मन घेतली होती, हे मला फोनवर कळलं होतं. ती शिकवणाऱ्या बाई, उर्सुला, ह्याच इमारतीत एक मजला खाली एकट्या राहत. भाषेबरोबर त्यांनी हिला भट्टीचं वेडही लावलं होतं. पुस्तकातला धडा संपला की खाली जाऊन कणीक मळायची, असं दोन वर्षं चाललेलं. आता उर्सुलाबाईंची नोकरी संपली होती. नाताळ झाला की त्या कायमच्या मायदेशी परत जाणार होत्या.

मी हातपाय धुऊन येतो न येतो तोच सानिकाने माझं मनगट धरलं. "पपा, कम. तुला काहीतरी दाखवायचंय."

स्वयंपाकघरामागे एक अंधारी खोली होती, बॅगा आणि इस्त्रीचं टेबल ठेवायची. घरातली सगळ्यात थंड जागा. तिथे खालच्या फळीवर लाकडी खोका, आणि खोक्यात मऊ सुती कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. कापड मी ओळखलं. माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. आजीकडून तिने तो मुद्दाम मागवून घेतला होता.

"हे काय? बाळ निजवलंयस की काय?"

ती इतकी खुश झाली की मराठीत बोलली. "बरोब्बर! तसंच दिसायला हवं असतं." मग सगळं सांगितलं. जर्मनीत नाताळाच्या कितीतरी आधी हा गोड पाव भाजतात. त्याचं नाव श्टोलन. आत मनुका, संत्र्याच्या सालीचा पाक, मध्यभागी बदामाची वळी. बाहेरून लोणी आणि पिठीसाखरेचा जाड थर. पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ येशू. उर्सुलाबाई मनुका रममध्ये भिजवत, हिने संत्र्याच्या रसात भिजवल्या होत्या. दिवाळी संपल्या संपल्या भाजलेला. तेव्हापासून तो इथे मुरत होता. आजवर दोघी मिळून करत. ह्या वर्षी बाईंनी हात लावला नव्हता. त्या स्वतःसाठीही करणार नव्हत्या. चोवीसच्या संध्याकाळी सानिकाचा श्टोलन बाई कापणार आणि चव बघून सांगणार, असं ठरलं होतं.

"कापून दे की मग एक तुकडा," मी म्हणालो.

"नो, पपा. इट हॅज टु स्लीप. चोवीस तारखेपर्यंत."

"इतक्या लांबून आलेल्या बापालासुद्धा नाही?"

"नोबडी."

"कमाल आहे. शिळा पाव खायला दीड महिना थांबायचं."

मी हे हसत म्हणालो. तिने कापडाची घडी पुन्हा नीट केली, दिवा बंद केला आणि माझ्याआधी बाहेर पडली. रात्री जेवताना मी आईने पाठवलेला लाडवांचा डबा उघडला. तिने अर्धा लाडू खाल्ला आणि अर्धा ताटात ठेवला. तो अर्धा लाडू मला टोचला. हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे केलं त्यात त्याचा वाटा होता.

हत्ता

त्या शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर स्मिता आम्हाला हत्त्याला घेऊन गेली. गाडी ती चालवत होती, मी शेजारी. चिपळुणात ती स्कूटरसुद्धा चालवत नसे. शहर संपलं, तांबडी वाळू लागली, आणि मग एकाएकी डोंगर. त्यांच्यावर गवताची काडी नाही. आमचे डोंगर कपडे घालून बसलेले असतात, हे उघडे. थर, वळ्या, भेगा, सगळं फळ्यावर काढून दाखवावं तसं. कोरड्या नदीला तिथे वादी म्हणतात. तिच्या पात्रात उभा राहून मी समुद्राच्या तळाचा खडक इथे कसा वर आला ते समजावून सांगत होतो. माझ्या बोलण्याला श्रोता कोणी नव्हता. स्मिता फोटो काढत होती. सानिका गोट्यांवर बसून पाण्याच्या डबक्यात खडे टाकत होती.

रस्त्यावरच्या टपरीपाशी गाडी थांबवून हॉर्न वाजवला की कागदी पेल्यांतून कडक चहा गाडीत येतो. वेलची भरपूर. तो पिता पिता सानिका मागच्या सीटवरून म्हणाली, "पपा, तुला एक सांगू? चिडू नको."

जर्मनीत शाळेनंतर एखाद्या बेकरीत काम करता करता शिक्षण घेता येतं. काही वर्षांची उमेदवारी, मग परीक्षा, मग पुढे स्वतःची भट्टी. उर्सुलाबाईंनी माहिती काढून दिली होती. भाषेची परीक्षा ती देणारच होती. बोलताना तिने दोन्ही सीटच्या मधून मान पुढे घातली होती, लहानपणी घालायची तशी.

"म्हणजे डॉक्टर-इंजिनियरचं राहिलं, आणि आता पहाटे उठून पाव भाजणार," मी म्हणालो. "त्यासाठी आईने परदेशात नोकरी करायची?"

"अहो, ऐकून तर घ्या," स्मिता म्हणाली.

"ऐकलं की."

मागून आवाज आला, "खलास. फर्गेट इट." मान मागे गेली. परतीच्या रस्त्यावर तिने कानात वायरी घातल्या. बाहेर उन्हं उतरत होती आणि डोंगर जांभळे झाले होते. इतके सुंदर डोंगर मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही, पण ते आठवले की आधी ती मागे गेलेली मान आठवते.

रविवारचे पाहुणे

संतोषचा फोन मी गेल्या गेल्याच आला होता. माझा जुना विद्यार्थी, गुहागरकडचा. अल कुसैसच्या पलीकडे कामगारांच्या कॅम्पात राहतो, इमारतींचे परांचे बांधतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. त्याच्याच वर्गातले आणखी दोघे तिथे होते. "सर, रविवारी सुट्टी असते. येतोच पाया पडायला."

ते आले तेव्हा स्मिता आणि सानिका उर्सुलाबाईंबरोबर सामान बांधायचे खोके आणायला गेल्या होत्या. तिघांनी बूट दाराबाहेर काढले, इस्त्रीचे शर्ट, केसांना पाणी. वाकून नमस्कार केले आणि सोफ्याच्या कडेवर बसले, मुख्याध्यापकांच्या खोलीत बसल्यासारखे. मी चहा केला. लाडवांचा डबा पुढे ठेवला.

"सर, लाडू आमच्याकडे पण आलेत गावावरनं," संतोष म्हणाला. "तुम्ही खावा. घरची चव आम्हाला अजून आठवडाभर पुरते."

"अरे, घे रे."

"घेतो, घेतो. सानिका कुठंय सर? मोठी झाली असेल. मी एकदा तिला सायकलवर डबल सीट आणलेली शाळेत, गटारात पाडलेली."

"तेव्हा मार खाल्लास माझा."

"तो अजून दुखतो," तो म्हणाला, आणि सगळे हसले. "काय करते हल्ली?"

एरवी ह्या प्रश्नाला माझं उत्तर असतं, "शिकतेय." त्या दिवशी काय झालं कोण जाणे. मी सांगायला लागलो. ती जर्मन शिकते, जर्मन बाईंशी त्यांच्या भाषेत बोलते, मोठमोठ्या बेकऱ्यांत मिळणार नाही असं करते. मी बोलत गेलो, ते तिघं ऐकत गेले. वर्गात कधी ऐकलं नाही इतकं मन लावून. आणि मग मी म्हणालो, "थांबा, दाखवतोच तुम्हाला."

पुढे लाडवांचा भरलेला डबा होता. कोणी उपाशी जाणार नव्हतं. पाहुण्यांसाठी घरात दुसरं काही नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही. आणि तो पाव काय आहे हे ठाऊक नव्हतं असंही नाही. मला सगळं ठाऊक होतं. मला फक्त दाखवायचं होतं.

मी खोका आणला, कापड सोडलं, फॉइल काढलं. साखरेचा थर फुटू नये म्हणून सुरी हळू चालवली. कापल्यावर आत मनुका आणि मध्यभागी बदामाचा पिवळसर गोल दिसला, तेव्हा तिघंही पुढे वाकले.

"आयला," संतोष म्हणाला, मग जीभ चावली. "सॉरी सर."

"अजून चोवीस तारखेपर्यंत मुरायला हवा होता," मी म्हणालो. "पण तुम्ही आलात म्हणून कापतोय. हिच्या हाताला जे आहे ना, ते आमच्या घरात कोणाच्याच हाताला नाही."

ते खात होते आणि मी उभा राहून त्यांच्या तोंडांकडे बघत होतो. एकाने खाली पडलेली साखर बोटाने टिपली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या पंधरवड्यात इतकं बरं मला दुसऱ्या कशानेच वाटलं नाही.

ते उठले तेव्हा उरलेला पाव मी त्याच कापडात बांधून संतोषच्या हातात दिला. "रूमवरच्या पोरांना द्या." त्यांना वाटलं, सरांचं मन मोठं. खरं कारण असं की कापलेला पाव खोक्यात परत ठेवला असता तर तो कापलेला दिसला असता. रिकामा खोका मी होता तिथे ठेवून दिला, वर स्मिताची इस्त्रीची चादर टाकली आणि प्लेटा धुऊन पुसून मांडणीत लावल्या.

संध्याकाळी दोघी आल्या. सांगेन म्हणून मी तोंड उघडलं तेवढ्यात स्मिताने विचारलं, "पोरं आली होती का? काय दिलंत?"

"चहा. लाडू," मी म्हणालो.

झुरळांचं औषध

पुढच्या आठवड्यात इमारतीत झुरळांचं औषध मारणारे येणार होते. सगळी कपाटं रिकामी करायची, स्वयंपाकघरातलं सगळं बाहेर काढायचं, अशी सूचना दारावर लागली होती. स्मिताने त्या दिवशी रजा घेतली. अशा कामात ती कसलीही गय करत नाही. जुनी फडकी, अर्धवट पाकिटं, रिकामी खोकी, सगळं तिने मोठ्या काळ्या पिशव्यांत भरून खाली कचऱ्यात टाकलं. तो लाकडी खोकाही गेला. मी पिशव्या उचलायला मदत केली.

सानिका शाळेतून आली, बॅग टाकली, स्टोअररूममध्ये गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता.

"आई. व्हेअर इज इट?"

स्मिताला कळायलाच वेळ लागला. मग तिने दोन्ही हात तोंडावर धरले. तिने आठवायचा प्रयत्न केला. खोका उचलला होता, हलका लागला होता, आत फडकं असेल असं वाटलं होतं. का बघितलं नाही, तिलाच समजेना. "अगं, मी... घाईत होते गं... सानू..."

"यू थ्रू इट. यू थ्रू इट अवे."

स्मिता खाली धावली. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. ती वर आली तेव्हा रडत होती. सानिकाने तिच्याकडे पाठ फिरवली. खोलीचं दार लागलं. स्मिता दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली, "सानू, माझं चुकलं, सानू, दार उघड," असं कितीतरी वेळ.

मी हॉलमध्ये वर्तमानपत्र धरून बसलो होतो. उठून चार पावलं जायचं आणि एक वाक्य बोलायचं. आयुष्यभर वर्गात उभं राहून बोलत आलेला माणूस मी. उठलो नाही. आधी वाटलं, ती जरा शांत झाली की सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर इतका वेळ गप्प का बसलो ते सांगावं लागेल. दुसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं.

चोवीस तारीख

उर्सुलाबाईंच्या घरी नाताळाची आदली संध्याकाळ. मला वाटलं होतं मोठी मेजवानी असेल. टेबलावर बटाट्याचं गार सॅलड आणि सॉसेज, आम्हाला चिकनचे. बस्स. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे ह्या संध्याकाळी असंच असतं. घर सजवण्यात सगळे गुंतलेले, स्वयंपाकाला वेळ कोणाला? खरी मेजवानी दुसऱ्या दिवशी. मला एकदम ओळखीचं वाटलं. गणपतीच्या आदल्या रात्री, मखर चालू असताना, आमच्याकडे पिठलं-भातच असतो.

टेबलाच्या मधोमध हिरव्या फांद्यांचं कडं, त्यावर चार मेणबत्त्या. नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक लावत जायची, म्हणजे आज चारही. शेजाऱ्यांकडे जायच्या ताटल्या कडेला भरून ठेवलेल्या: चंद्रकोरीच्या आकाराची बिस्किटं, मसाल्याची तपकिरी बिस्किटं, आक्रोड. फराळाची ताटं घरोघर जातात तशी ती जाणार होती. बाई उंच, सडपातळ, पांढरे केस बॉयकट कापलेले. इंग्रजी सावकाश बोलत, म्हणून मलाही सगळं कळत होतं.

एका बाजूला लाकडी फळी आणि लांब सुरी मांडून ठेवलेली होती. फळी रिकामी.

"मॉमने टाकला. बाय मिस्टेक," सानिका त्यांना आधीच सांगून बसली होती. स्मिता खाली बघून बटाट्याचे तुकडे आणखी बारीक करत होती.

बाईंनी वातावरण हलकं करायला गोष्ट सांगितली. त्या सानिकापेक्षा लहान असताना त्यांनी पहिला श्टोलन केला. तळघरात ठेवला. नाताळाला जाऊन बघतात तर नाही. "माझ्या मोठ्या भावाने मित्रांना बोलावून खाल्ला होता. सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. आता म्हातारा झाला, नातवंडं आहेत, पण अजून म्हणतो, मी नाही."

सगळे हसले. स्मितासुद्धा, त्या आठवड्यात पहिल्यांदा. माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं. इतका सोपा उंबरठा पुन्हा मिळणार नव्हता. मी पाण्याचा ग्लास उचलला.

निघताना बाईंनी ती फळी आणि सुरी कागदात गुंडाळून सानिकाला दिली. "ही माझ्या आईची. आता तुझी. चव मात्र मला बघायला मिळाली नाही." त्या नववर्षाच्या आधी गेल्या.

अल मनखूल

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी आम्ही बुर दुबईला गेलो. अल मनखूलचा भाग म्हणजे डोंबिवलीच एखाद्या सकाळी उचलून आखातात ठेवावी तसा. पोळ्यांची दुकानं, पूजेचं साहित्य, ब्लाउज शिवणारे. स्मिता एका टेलरकडे आत गेली, सानिका आणि मी बाहेर सावलीत उभे.

संतोषने फोन करून सांगितलं होतं, "सर, तुमचं फडकं द्यायचं राहिलंय." मी म्हणालो होतो, राहू दे रे. पण आमच्या भागातला माणूस दुसऱ्याच्या घरचं भांडं किंवा कापड ठेवून घेत नाही, आणि परत देताना रिकामंही देत नाही. मी कुठे जाणार ते बोलण्याच्या ओघात सांगून बसलो होतो. तो दोन बसा बदलून तिथे येऊन उभा राहिला. हातात धुऊन, घडी करून आणलेलं लुगड्याचं कापड, त्यात बांधलेले खजूर.

"ही सानिका ना? ओळखलंस का? सायकलवरनं पाडलेलं मी तुला." त्याने कापड तिच्याच हातात दिलं. "ताई, काय पाव होता तो! रूमवर अकरा जणांत वाटला, भांडणं झाली. सर म्हणाले, अजून चोवीस तारखेपर्यंत मुरायला हवा होता, पण तुम्ही आलात म्हणून कापतोय. आणि म्हणाले, हिच्या हाताला जे आहे ते आमच्या घरात कोणाच्याच हाताला नाही. आम्ही बघतच राहिलो. सरांनी कोणाला चांगलं म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं कधी, विचार तू." तो हसला, माझ्या पाया पडला. "येतो सर, बस जाईल. यल्ला, चला ताई."

तो गेला. सानिका कापडाकडे बघत होती. बोटांनी गाठ चाचपत होती.

"डिड यू से दॅट?"

"काय?"

"जे तो म्हणाला."

"हो."

"टु देम," ती म्हणाली. "यू सेड इट टु देम."

तेवढ्यात स्मिता पिशवी सांभाळत बाहेर आली.

तिथून आम्ही खाडीच्या धक्क्यावर गेलो आणि लाकडी होडीत बसलो. तिला अब्रा म्हणतात. मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून माणसं बसतात, कडेला कठडा नाही, पाणी पायाशी. सीगल होडीबरोबर उडत होते. स्मिताची नजर सानिकाच्या मांडीवर गेली.

"हे... हे तर आईंचं कापड. ते तर मी..."

सानिकाने माझ्याकडे बघितलं. ती थांबली होती. इंजिनाचा आवाज, डिझेलचा वास, समोरच्या काठावर मशिदीचा मिनार. तिने मला वेळ दिला. मी पाण्याकडे बघत होतो.

"तू नव्हता टाकलास, आई," ती शेवटी म्हणाली. मराठीत, सावकाश. "पपांनी त्यांच्या स्टुडंट्सना दिला. पपांना माहीत नव्हतं ते काय आहे." मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "सॉरी, आई. मी तुझ्याशी खूप वाईट वागले."

"अहो!" स्मिता म्हणाली. रागावली, आणि रागावता रागावता तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "विचारायचं तरी! तेव्हाच बोलला असतात तर!"

"हो ना," मी म्हणालो. "मला वाटलं, साधाच पाव असेल."

माझ्यासाठी सानिका खोटं बोलली होती, आणि ते खोटं मी तिच्या समोर हातात घेतलं. विमानतळावर तिने वाकून नमस्कार केला. "सेफ फ्लाइट, पपा."

पुन्हा डिसेंबर

स्मिता हे अंकात वाचेल. तिला आजवर वाटत आलं आहे की मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, स्मिता. पहिल्याच दिवशी सानिकाने हात धरून नेऊन दाखवलं होतं. तू दाराबाहेर बसून माफी मागत होतीस तेव्हाही मला ठाऊक होतं.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल झाला. तिकडे टेबलावर उर्सुलाबाईंची फळी दिसत होती. मी विचारलं, "ह्या वर्षी केलास का श्टोलन?"

"हो. झोपलाय."

"दाखव की."

मागच्या वर्षी तिने माझं मनगट धरलं होतं. ह्या वेळी फोन जिथे उभा होता तिथेच राहिला आणि ती त्याच्यासमोरून उठली नाही. मग तिने विचारलं, वर्षभर विचारलं नव्हतं ते.

"पपा, लास्ट इयरचा... कसा होता?"

उत्तर तयार होतं. संतोषची बोटाने साखर टिपणारी पोरं, बदामाचा पिवळा गोल, सगळं मला सांगता आलं असतं, आणि तिला ते खरं वाटलं असतं.

"मी खाल्ला नाही, सानिका," मी म्हणालो. "सगळा वाटला. एक तुकडासुद्धा चाखला नाही."

तिने उर्सुलाबाईंची फळी स्वतःकडे ओढून घेतली.

"मग तुला माहीतच नाही," ती म्हणाली.